अर्धा भरलेला फॉर्म कुठे राहतो?

मगरिबची अजान होते आणि मागवाला संगणकासमोरून उठतो. परद्यावर अर्ज अर्ध्याहून जास्त भरलेला असतो. नाव, पत्ता, मागांची संख्या, वीज जोडणीचा मंजूर भार, बँकेचा खाते क्रमांक, सारे कागद शेजारी ठेवून एकेक आकडा पाहून टाकलेला. नमाज पढून, वाटेत एक चहा घेऊन तो परत येतो, उरलेले दोन रकाने भरतो आणि पुढे जाण्याचे बटण दाबतो. परद्यावर ओळ येते : आपले सत्र संपले आहे, पुन्हा प्रवेश करा. पुन्हा प्रवेश केला तर अर्ज कोरा.

शांतीनगर असो की नवी बस्ती, हा प्रकार ज्याच्यावर गुदरला नाही असा कारखानदार आता विरळाच. जीएसटी, उद्यम नोंदणी, ई-वे बिल, यंत्रमागाच्या वीज सवलतीची नोंदणी, बँकेचे कर्ज, सारेच काम फॉर्मवर आले आहे. वाचक बंधूंपैकी अनेकांनी या कटकटीला कंटाळून सर्व काही बाहेरच्या माणसाकडे सोपवले आहे. त्यात काय धोका आहे ते पुढे येईलच. पण आधी हे समजून घेऊ की परद्यावर टाईप केलेला मजकूर नेमका राहतो कुठे, किती वेळ, आणि त्याची किल्ली कोणाच्या हातात असते. एवढे कळले तर निम्मा त्रास कमी होतो आणि एखादे वेळी मोठे नुकसानही टळते.

वेब मुळात विसराळू आहे

आपल्या धंद्यात चलन बुकाला कार्बन लावलेला असतो. सायझिंगमधून बीम आला की त्याच्या चिठ्ठीवर नंबर असतो, आणि सहा महिन्यांनीही तो नंबर सांगितला की कोणत्या पार्टीचे सूत, किती तार, किती मीटर हे निघते. वेबचा मूळ नियम याच्या उलट आहे. ब्राउझर एक पान मागतो, दूरचा सर्व्हर ते पान देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच माणसाने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या लेखी तो नवाच गिऱ्हाईक. या देवघेवीच्या पद्धतीला एचटीटीपी म्हणतात, आणि आधीचे काही लक्षात न ठेवणे हा तिचा मूळ स्वभाव आहे. वेब सुरू झाले ते संशोधकांनी एकमेकांचे कागद वाचावेत म्हणून. वाचणाऱ्याला ओळखण्याची गरजच नव्हती.

गरज पडली ती खरेदी-विक्री आली तेव्हा. १९९४ साली अमेरिकेत नेटस्केप ही ब्राउझर बनविणारी कंपनी एमसीआय या टेलिफोन कंपनीसाठी वेबवर खरेदीची व्यवस्था उभी करीत होती. गिऱ्हाईकांचे अर्धवट सौदे आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसायला एमसीआय तयार नव्हती. मग नेटस्केपमधील लू माँटुली या अभियंत्याने तोड काढली. सर्व्हरने गिऱ्हाईकाच्याच संगणकात एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझरने ती परत दाखवायची. या चिठ्ठीचे नाव कुकी. म्हणजे आज ज्या कुकीच्या परवानगीसाठी प्रत्येक साईट आपल्याला विचारते, तिचा जन्मच अर्धवट राहिलेला सौदा कुठे ठेवावा या प्रश्नातून झाला.

कुकीत फार माल मावत नाही. एका कुकीची मर्यादा ४ केबी, म्हणजे इंग्रजीची चार हजार अक्षरे. म्हणून बहुतेक साईट तिच्यात सगळा मजकूर न ठेवता फक्त एक नंबर ठेवतात, आणि खरी माहिती त्या नंबराखाली सर्व्हरवर असते. गोडाऊनमध्ये माल ठेवून टोकन घ्यावे तसे. टोकनला मुदत असते. तुम्ही ठरावीक वेळ काहीच हालचाल केली नाही तर सर्व्हर टोकन रद्द करतो, कारण कोणी संगणक उघडा टाकून गेला असेल तर तिसऱ्याने त्यात हात घालू नये. वरच्या प्रसंगात नमाजला गेलेल्या माणसाचे टोकन रद्द झाले. रकान्यांतला मजकूर तर अजून सर्व्हरकडे गेलाच नव्हता. तो फक्त परद्यावरच्या पानात होता, आणि पान बदलले तसा तो गेला.

तीन जागा

भरलेला मजकूर एकतर उघड्या पानात असतो, नाहीतर तुमच्या ब्राउझरच्या कोठीत, नाहीतर सर्व्हरवर. पानात असलेला मजकूर पान मिटले, लाईट गेली, मोबाईलची बॅटरी संपली की गेला. ब्राउझरच्या कोठीत ठेवलेला मजकूर लाईट जाऊन आली तरी राहतो, पण फक्त त्याच मशीनवर आणि त्याच ब्राउझरमध्ये. कारखान्यातल्या संगणकावर क्रोममध्ये अर्धा भरलेला फॉर्म घरी मोबाईलवर सापडणार नाही. सर्व्हरवर ठेवलेला मात्र कुठूनही उघडता येतो, फक्त ओळख पटवावी लागते.

म्हणून कोणताही मोठा फॉर्म हाती घेतला की आधी पाहावे, यात जतन करण्याचे बटण आहे का? असेल तर प्रत्येक पान भरल्यावर ते दाबावे, आणि जतन झाल्याचा निरोप परद्यावर आल्याशिवाय उठू नये. नसेल तर सारी माहिती आधी वहीत किंवा साध्या फाईलमध्ये लिहून घ्यावी आणि मग एका बैठकीत उतरवावी. लहान मुलाला सांगावे तशी ही गोष्ट वाटेल, पण इथेच जास्तीत जास्त लोक फसतात.

जीएसटीच्या नव्या नोंदणीचे उदाहरण घेऊ, कारण या बाबतीत ती रचना समजण्यासारखी आहे. अर्जाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात पॅन, मोबाईल नंबर आणि ई-मेल द्यावे लागते. मोबाईल आणि ई-मेलवर आलेले ओटीपी टाकले की एक तात्पुरता क्रमांक मिळतो, त्याला टीआरएन म्हणतात. हा क्रमांक हाती असला की दुसरा भाग, म्हणजे धंद्याचा पत्ता, भागीदार, माल, कागदपत्रे, थोडा थोडा करून भरता येतो. जतन केलेला भाग सर्व्हरवर राहतो. पण मुदत १५ दिवसांची. तेवढ्या दिवसांत अर्ज दाखल झाला नाही तर टीआरएनही जातो आणि जतन केलेला मजकूरही. भाडेकराराची प्रत मालकाकडून यायला वीस दिवस लागणार असतील, तर आधी करार हातात घ्यावा आणि मग अर्ज उघडावा.

आता किल्लीची गोष्ट. टीआरएन घेऊन जतन केलेला अर्ज पुन्हा उघडायचा तर पुन्हा ओटीपी लागतो, आणि तो पहिल्या भागात दिलेल्या मोबाईल व ई-मेलवरच येतो. आपल्याकडे सर्रास काय होते? सेठ म्हणतो, माझा मोबाईल कारखान्यात वाजलेला ऐकू येत नाही, तुझाच नंबर टाक. अर्ज भरणारा आपला नंबर आणि आपला ई-मेल टाकतो. त्या क्षणापासून अर्धा भरलेला अर्ज सेठचा राहिला नाही. पॅन सेठचे, कागद सेठचे, पण दार उघडणारा ओटीपी दुसऱ्याच्या खिशात. उद्या त्याच्याशी बिनसले, तो गावी गेला, त्याने नंबर बदलला, तर पंधरा दिवस असेच सरतात. नोंदणी पूर्ण झाली असेल तर प्रकरण आणखी अवघड, कारण पुढच्या सर्व सूचना आणि नोटिसाही त्याच नंबरावर जातात आणि मालकाला पत्ताच नसतो.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याची ताकीद आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, आणि मजकूर ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा, अशी त्यातली व्यवस्था आहे. लिहिता येत नसेल तर कातिब दुसरा असू शकतो, पण सांगणारा आणि तपासणारा धनी स्वतः. फॉर्म भरणाऱ्या भावाला हाच कायदा लावावा. टाईप त्याने करावे. मोबाईल, ई-मेल आणि पासवर्ड मालकाचे असावेत, आणि उठण्यापूर्वी टीआरएन स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. प्रामाणिक माणसाचाही मोबाईल हरवतो.

जतन केले म्हणजे दाखल झाले नाही

दुसरी चूक याच्या उलट आहे. माणूस जतनाचे बटण दाबतो, परद्यावर हिरवी खूण येते आणि तो समजतो की काम झाले. जीएसटीच्या विवरणपत्रात बिले टाकून जतन केली तरी ते विवरणपत्र भरले गेले असे होत नाही. दाखल करण्याचे बटण वेगळे, त्यावर डिजिटल सही किंवा ओटीपीची खातरजमा वेगळी, आणि शेवटी पोचक्रमांक येतो तो वेगळा. त्याला एआरएन म्हणतात. तो हातात नसेल तर सर्व्हरच्या लेखी तुमचा कागद अजून मसुदाच आहे आणि विलंब शुल्काचे मीटर चालू आहे. ज्या व्यापाऱ्याला तुम्ही बिल दिले, त्याला त्याचे क्रेडिटही दिसत नाही, आणि मग तो पेमेंट अडवून बसतो.

ई-वे बिलात हेच वेगळ्या तऱ्हेने येते. ग्रे कापड बालोतरा, पाली किंवा जेतपूरला प्रोसेसला पाठवायचे असते. बिलाचा अ भाग, म्हणजे माल, किंमत, देणारा, घेणारा, आधी भरून ठेवता येतो आणि त्याची स्लिप निघते. गाडी ठरली की ब भागात तिचा नंबर टाकायचा. ही स्लिप १५ दिवस चालते, पण गाडी नंबराशिवाय ती ई-वे बिल होत नाही. अ भागाच्या कागदावर गाडी सोडून देणारे लोक आहेत आणि ते रस्त्यात दंड भरतात. आणखी एक लक्षात ठेवावे. ई-वे बिल एकदा निघाले की गाडीचा नंबर बदलता येतो, पण मालाच्या व पार्टीच्या तपशिलात दुरुस्ती करता येत नाही. चूक सापडली तर २४ तासांच्या आत ते रद्द करून नवे काढावे लागते.

त्याच पोर्टलवर मास्टर नावाची सोय आहे. नेहमीच्या पार्ट्या, माल आणि वाहतूकदार एकदा नोंदवून ठेवले की दर वेळी टाईप करावे लागत नाहीत. रोज दहा गाड्या काढणाऱ्यासाठी ही मोठी राहत आहे. पण जतन केलेल्या माहितीचा एक दोष आहे : ती जुनी होते आणि जुनी झाल्याचे सांगत नाही. पार्टीने गोडाऊन बदलले तरी मास्टरमध्ये पत्ता जुनाच. माणूस न पाहता बटण दाबतो, कारण रकाना भरलेला दिसतो. रिकामा रकाना निदान डोळ्यांत खुपतो.

नावांचा घोळही इथलाच. आपल्यात एकाच माणसाचे नाव एका कागदावर मोहम्मद असे पूर्ण, दुसऱ्यावर मोह. असे आखूड, तिसऱ्यावर बापाच्या नावासकट आणि चौथ्यावर फक्त मोमीन किंवा अन्सारी आडनावासह असते. आधारचे स्पेलिंग एक, पॅनचे दुसरे, वीज बिल तर अजून वालिदांच्या किंवा दादांच्या नावावर. ब्राउझरला एकदा जे स्पेलिंग शिकवले तेच तो प्रत्येक फॉर्ममध्ये आपणहून भरत राहतो. पॅनची जुळणी करणाऱ्या फॉर्ममध्ये आधारचे स्पेलिंग गेले की अर्ज अडतो, आणि माणूस सर्व्हरला दोष देतो. म्हणून एक पान वहीत करावे : आधारवर नाव कसे आहे, पॅनवर कसे, बँकेत कसे, वीज बिलावर कोणाचे, ग्राहक क्रमांक, जीएसटी क्रमांक, उद्यम क्रमांक, मागांची संख्या, मंजूर भार, खाते क्रमांक, आयएफएससी. फॉर्म कोणताही असो, या पानावरून अक्षर-अक्षर उतरवावे आणि ब्राउझरने आपणहून भरलेला रकाना तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्याच्या मशीनवर

धामणकर नाक्यापासून कल्याण रोडपर्यंत फॉर्म भरून देणारी दुकाने आहेत, आणि ती गरजेची आहेत. पण ब्राउझरची ती कोठी आठवा. दुकानातल्या संगणकाने तुमचा खाते क्रमांक, ई-मेल आणि पत्ता लक्षात ठेवला असेल तर पुढच्या गिऱ्हाईकाने त्या रकान्यात पहिले अक्षर टाकताच तुमची माहिती खाली लोंबकळते. पासवर्ड लक्षात ठेवू का असे ब्राउझर विचारतो, आणि घाईत होय दाबले जाते. अशा जागी काम खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये करायला सांगावे. ती खिडकी बंद केली की कुकी आणि लिहिलेले सर्व पुसले जाते. मात्र स्कॅन करून संगणकात घेतलेले आधार आणि पॅन फाईल म्हणून तिथेच राहतात. ते खिडकी बंद केल्याने जात नाहीत, स्वतः उभे राहून पुसून घ्यावे लागतात, आणि रीसायकल बिनमधूनही.

आपलाच फॉर्म असेल तर

आता भिवंडीत असेही व्यापारी आहेत की ज्यांचे गिऱ्हाईक मोबाईलवरून ऑर्डर देते. क्वालिटी, पन्ना, रीड-पिक, किती ताके, कधी पाहिजे. साईट बनविणारा मुलगा बहुधा ओळखीचा असतो आणि फॉर्म सुंदर दिसतो. पण गिऱ्हाईक बारा रकाने भरते, मध्येच फोन येतो, परत आल्यावर फॉर्म कोरा, आणि ते ऑर्डर न देताच निघून जाते. अशी गेलेली ऑर्डर वहीत कुठेच दिसत नाही, म्हणून तिचे दुःखही होत नाही.

ज्यांचा धंदा लहान आहे त्यांनी गूगल फॉर्म वापरला तरी चालतो. २०२१ पासून त्यात अशी सोय आहे की गिऱ्हाईक आपल्या गूगल खात्यात असेल तर अर्धवट भरलेले उत्तर ३० दिवस आपोआप जतन राहते. स्वतःची साईट असेल तर त्या मुलाला स्पष्ट सांगावे की प्रत्येक रकाना बदलताच मजकूर ब्राउझरच्या कोठीत, ज्याला लोकल स्टोरेज म्हणतात, लिहिला गेला पाहिजे. तिथे साधारण ५ एमबी जागा असते, ऑर्डरसाठी ती भरपूर झाली. तशीच सेशन स्टोरेज नावाची दुसरी जागा आहे, पण ती त्या एका टॅबपुरती. टॅब बंद केला की रिकामी. आपले गिऱ्हाईक संध्याकाळी परत येणार असेल तर ती उपयोगाची नाही. आयफोनवर आणखी एक अट आहे. सफारीने २०२० पासून नियम केला आहे की ब्राउझरचा वापर चालू असताना सात दिवस त्या साईटला हात लागला नाही तर पानाने असा साठवलेला मजकूर पुसायचा. म्हणून घाऊक गिऱ्हाईक, ज्याची ऑर्डर पंधरा दिवस विचारात असते, त्याला खाते उघडून द्यावे आणि मसुदा सर्व्हरवर ठेवावा.

परत आलेल्या गिऱ्हाईकाला जुना मजकूर गुपचूप भरून दाखवू नये. विचारावे : तुमची अर्धी ऑर्डर अमुक तारखेची आहे, पुढे चालवू की नवी घेऊ? मोबाईल एक आणि भाऊ दोन, असे आपल्या घरांत असतेच. आणि भाव तर मसुद्यात ठेवूच नये. सुताचा भाव रोज हलतो. मागच्या मंगळवारच्या भावाने भरलेला फॉर्म आज दाखल झाला तर वाद तुमच्या गळ्यात. क्वालिटी आणि नग आठवावेत, भाव त्या दिवशीचा लागावा.

चूक झाल्यावर काय होते हेही पाहावे. मोबाईल नंबरचा एक आकडा कमी पडला म्हणून सारा फॉर्म रिकामा करणारी साईट गिऱ्हाईक पळवते. चुकीचा रकाना लाल करावा, बाकी जसेच्या तसे राहू द्यावे. एक गोष्ट मात्र कोणालाच करता येत नाही : जोडलेली फाईल पान स्वतःहून परत जोडू शकत नाही, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी तशी परवानगी देत नाही. नमुन्याचा फोटो पुन्हा जोडा असे गिऱ्हाईकाला साध्या शब्दांत सांगावे. ऑर्डर पोचली की मसुदा लगेच पुसावा आणि पोचपावतीचे वेगळे पान उघडावे. नाहीतर गिऱ्हाईक पान ताजे करते, तोच फॉर्म दुसऱ्यांदा जातो आणि पन्नास ताक्यांचे शंभर होतात.

पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक हे मसुद्यात कधीही ठेवू नयेत. कार्डाचा पूर्ण क्रमांक तर व्यापाऱ्याने साठवायचाच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गिऱ्हाईकाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती ठेवावी, हा त्याचा गाभा आहे. कापड विकायला जन्मतारीख लागत नाही, तर तो रकानाच काढून टाकावा. अमानत जितकी कमी घेतली तितकी सांभाळायला सोपी.

साईट तयार झाल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी त्या मुलासमोर बसून एक ऑर्डर अर्धी भरावी आणि संगणकाचे बटण भिंतीवरून बंद करावे. पुन्हा सुरू करून तेच पान उघडावे. मजकूर आला तर ऑर्डर पूर्ण करावी, मागे जाण्याचे बटण दोनदा दाबावे, पान ताजे करावे आणि आपल्या नोंदीत ऑर्डर एकच आली की दोन, ते मोजावे. मग हेच सर्व साध्या, जुन्या मोबाईलवर करून पाहावे, कारण गिऱ्हाईकाच्या हातात बहुधा तोच असतो.